काशगर १९३३ की घुल्जा १९४४: पेपरसाठी कुठलं घ्यावं?

पूर्व तुर्कस्तान म्हणजे आजचा चीनमधला शिनच्यांग. या विषयावर एमएचा पेपर करायचं ठरलं की गाडी हमखास एका ठिकाणी अडते, दोन प्रजासत्ताकांपैकी घ्यायचं कुठलं? दोन्ही १२ नोव्हेंबरलाच जाहीर झाली, पहिलं १९३३ ला दक्षिणेत काशगरला आणि दुसरं १९४४ ला उत्तरेत घुल्ज्याला, चिनी नकाशात याला यिनिंग म्हणतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, सैन्य कसं उभं राहतं आणि कोण थांबवतं हे बघायचं असेल तर घुल्जा घ्या, लोक मुळात का उठतात आणि एकमेकांपासून का फुटतात हे बघायचं असेल तर काशगर.

काशगरची सुरुवात खरं तर काशगरला नाही, पार पूर्वेला कुमुलला झाली. गव्हर्नर जिन शुरेन याने तिथली जुनी खानशाही १९३० नंतर मोडीत काढली, उइगुर म्हणजे तिथल्या तुर्की भाषा बोलणाऱ्या मुसलमान शेतकऱ्यांच्या जमिनी शेजारच्या कान्सू प्रांतातून आलेल्या हान म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांना दिल्या आणि उइगुरांच्या वाट्याला पडीक रान, त्यावर पुन्हा कर. १९३१ ला बंड पेटलं. मदतीला आला मा झोंगयिंग, हा हुई म्हणजे चिनी बोलणारा मुसलमान, वयाने अगदी तरुण, आणि इथूनच गुंता सुरू होतो, कारण धर्म एक असला तरी त्याची फौज कुणाच्या स्वातंत्र्यासाठी लढत नव्हती. बंड काशगरला पोचलं तेव्हा तिथे उइगुर, किरगिझ आणि खोतानचे बुग्रा बंधू असे तीन वेगळे गट होते, प्रत्येकाची माणसं वेगळी आणि बंदुका वेगळ्या. सबित दामोल्ला पंतप्रधान झाले, कुमुलच्या बंडाचे नेते खोजा नियाझ अध्यक्ष म्हणून जाहीर झाले, निळा झेंडा, राज्यघटना सगळं झालं, पण एक गोष्ट बघा, राजधानीपासून काही किलोमीटरवरचं नवं शहर हुई सेनापती मा झानचांगच्याच ताब्यात होतं आणि ते प्रजासत्ताकवाल्यांना शेवटपर्यंत घेता आलं नाही! तोफखाना नाही, एक कमांड नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये वेढ्यातल्यांना सोडवायला दुसरी हुई फौज आली आणि काशगर पडलं, मागोमाग शहरात कत्तल झाली. सोव्हिएत युनियनही यांच्या विरोधातच होती, कारण आपल्या मध्य आशियाला लागून स्वतंत्र मुस्लिम देश स्टालिनला नकोच होता. खोजा नियाझ यांनी सोव्हिएतांशी समझोता करून सबित दामोल्लांना ताब्यात दिलं, हे वाचताना मला आजही त्रास होतो.

घुल्ज्याचं चित्र पूर्ण वेगळं. १९४४ मध्ये शिनच्यांगचा तेव्हाचा गव्हर्नर शेंग शिचाईने जनतेकडून सैन्यासाठी १० हजार घोडे मागितले, घोडा नसेल तर पैसे भरा. कझाक आणि किरगिझ पशुपालकांकडून घोडे काढून घेणं म्हणजे त्यांचं घरच उचलून नेणं, म्हणून घुल्ज्याजवळच्या निलकाच्या डोंगरात आधी टोळ्या उठल्या आणि नोव्हेंबरमध्ये घुल्जा. शेंग १९४२ मध्येच मॉस्कोला सोडून चीनच्या राष्ट्रवादी सरकारच्या च्यांग काय-शेककडे गेलेला, त्यामुळे सोव्हिएतांनी यावेळी बंडवाल्यांना शस्त्रं, सल्लागार सगळं दिलं. एप्रिल १९४५ मध्ये रीतसर राष्ट्रीय सैन्य बनलं, कमांडर रशियन जनरल पोलिनोव, हाताखाली किरगिझ इसहाकबेग, कझाक दलिलखान, उइगुर, रशियन असे सगळे. इली, तारबागाताय, अल्ताय हे तिन्ही जिल्हे घेऊन सप्टेंबरमध्ये हे लोक मानस नदीपर्यंत पोचले, पुढे उरुमची होतं. आणि तिथेच थांबले, कारण १४ ऑगस्टला मॉस्कोने च्यांगच्या सरकारशी करार केला होता. पुढे १९४६ ला च्यांगच्या लोकांसोबत संयुक्त सरकार, घुल्ज्याचे अध्यक्ष एलिहान तोरे यांना सोव्हिएत हद्दीत नेलं आणि ते ताश्कंदमध्येच वारले. ऑगस्ट १९४९ मध्ये बीजिंगला निघालेले घुल्ज्याचे नेते एहमेतजान कासिमी, इसहाकबेग, दलिलखान विमान अपघातात गेले आणि सैन्य चिनी कम्युनिस्टांच्या जनमुक्ती सैन्यात पाचवी कोर म्हणून विलीन झालं.

यावरून घुल्ज्याला सरसकट ‘सोव्हिएत बाहुलं’ म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. बंदुका मॉस्कोच्या होत्या, राग निलकाच्या माणसांचा होता, आणि पेपरमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळं कोसळतं.

आता प्रॅक्टिकल बाजू, कारण निर्णय शेवटी साधनांवर होतो. काशगरचं ब्रिटिश कॉन्सुलेट हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होतं, लेहहून काराकोरम खिंडीने यारकंदपर्यंत व्यापार चालायचा, त्यामुळे त्या काळचे रिपोर्ट्स इंग्रजीत आहेत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या परराष्ट्र खात्याच्या फायलींपासून सुरुवात करता येते. फक्त ते वाचताना ब्रिटिशांना सोव्हिएतांची किती धास्ती होती ते डोक्यात ठेवा. घुल्ज्यासाठी रशियन किंवा चिनी पाहिजेच, नुसत्या भाषांतरांवर सैन्याचा अभ्यास होत नाही. लडाखचा धागा आवडत असेल तर मुहम्मद अमीन बुग्रा १९४९ मध्ये तिथूनच काश्मीरला आले, आणि ते १९३३ च्या खोतानवाल्यांपैकीच, म्हणजे काशगरच्या बाजूला अजून एक वजन.

एका सेमिस्टरचा वेळ आणि फक्त इंग्रजी-मराठी येत असेल तर काशगर घ्या, रशियन शिकायची तयारी असेल तर घुल्जा. आणि कुठलंही घेतलं तरी अल्तायच्या कझाक नेत्याला, उस्मान बातूरला तळटीपेत बसवू नका, तो घुल्ज्यासोबत लढला, १९४६ मध्ये फुटला, १९५१ मध्ये उरुमचीत त्याला मृत्युदंड झाला, त्याला वेगळा पेपर लागतो.