रिले होता, पण जोडलेलाच नव्हता

मोटारसायकलला जादा लाइट बसवणाऱ्यांनी हे वाचाच. मला दुकानदाराने सांगितलं होतं: बॅटरीवरून वेगळी लाइन, फ्यूज, रिले (स्विचच्या छोट्या करंटवर लाइटचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), सगळं व्यवस्थित. पैसेही त्याच हिशेबाने घेतले. सीटखाली काळा रिले टाय मारून बसवलेला दिसतही होता.

पुढे एका रात्री अंधाऱ्या वळणावर हेडलाइटसकट सगळे दिवे एकदम गेले. गाडी कशीबशी कडेला घेतली. दुसऱ्या मेकॅनिकने टाकी उतरवून टेप सोडली तेव्हा खरा प्रकार कळला. रिलेच्या एकाही पिनला वायर नव्हती. फ्यूज नव्हताच. हेडलाइटची वायर सोलून तिलाच जादा लाइटची वायर पिळून जोडली होती. हेडलाइटचा करंट आणि वरून हा नवा भार, दोन्ही त्या एका वायरवर. हँडल वळवताना हलून जॉइंट सैल झाला, तापला, प्लॅस्टिक वितळलं, उघडी तार चेसिसला लागली आणि गाडीचा मुख्य फ्यूज उडाला. समोरून ट्रक येत असता तर काय झालं असतं, या विचाराने आजही संताप येतो.

वायरही बनावट. ब्लेडने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ते जास्त तापतं आणि लवकर तुटतं.

लाइटच्या खोक्यावर प्रत्येकी 60 वॅट छापलेलं. दोन्ही मिळून 120, म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर करंट जायला हवा. मीटर लावला तर जेमतेम अडीच. म्हणजे 30 वॅटच्या जोडीला चौपट आकडा चिकटवलेला.

तुम्ही लाइट बसवून घेत असाल तर टेप गुंडाळण्याआधी वायरिंग बघा, आणि त्यासाठी तिथेच उभे राहा. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली वायर फ्यूजमधून रिलेच्या 30 नंबरच्या पिनला जाते, 87 वरून लाइटला. 85 आणि 86 या रिले चालू करणाऱ्या कॉइलच्या पिना. एकीला स्विचची वायर, दुसरीला अर्थिंग. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. बटण दाबताना रिलेवर बोट ठेवा, टिक् जाणवली पाहिजे. मग लाइटचा फ्यूज उपटा: नवे लाइट विझून हेडलाइट चालू राहिला पाहिजे, नाहीतर लाइन वेगळी नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, तेही बघा.

आणि बिलावर रिले, फ्यूज, वायरिंग वेगवेगळं लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतंच ‘लाइट फिटिंग’ होतं, त्यामुळे रिले जोडायचं ठरलंच नव्हतं म्हणत दुकानदाराने हात वर केले.