घरच्या भाजीसाठी गांडूळखत की जीवामृत?

गच्चीवर मेथी, पालक, मिरची, टोमॅटो लावायचं ठरलं की खताचा प्रश्न येतोच. माझा कौल गांडूळखताला आहे, निदान शहरातल्या घरासाठी तरी.

जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत. नैसर्गिक शेतीचे प्रचारक, अमरावतीचे सुभाष पाळेकर यांनी ते घरोघरी पोहोचवलं. मूळ प्रमाण 200 लिटर पाण्याचं. घरासाठी 20 लिटरच्या बादलीत किलोभर ताजं देशी गाईचं शेण, लिटरभर गोमूत्र, शंभर-दीडशे ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं. दोन दिवसांत तयार, आठवड्याभरात संपवायचं. खर्च नगण्य. पण दर वेळी ताजं शेण फ्लॅटमध्ये आणणार कुठून? शिवाय वासावरून शेजारी कुरकुरतात ते वेगळंच.

गांडूळखताला धीर लागतो, दीड ते दोन महिने. भाजीची देठं, फळांच्या साली, सुका पाला, थोडं कुजलेलं शेण, त्यात गांडुळं, वर ओलं गोणपाट. ओलावा हवा, चिखल नको. लिंबाच्या साली, तेलकट-खारट उष्टं टाकलं की गांडुळं पळतात किंवा मरतात. खत तयार झाल्याची खूण म्हणजे वर चहापत्तीसारखा काळा, सुटा भुगा दिसतो आणि मातीचा वास येतो. कुंडीत ते मातीला भुसभुशीत ठेवतं, पाणीही धरतं. जीवामृत जिवाणू देतं, पण कुंडीतल्या मूठभर मातीत त्यांना खायला सेंद्रिय पदार्थच नसेल तर ते करणार काय?

गावाकडे परसबाग आणि दारात गाय असेल, तर मात्र जीवामृतच करा, सोबत जमिनीवर पाल्याचं आच्छादन घाला.