एफसिंक फेल झालं तर: परत ट्राय, रीड-ओन्ली की सरळ बंद?

खानापूर तालुक्यातल्या एका दूध डेअरीसाठी मी छोटा बॉक्स बनवलाय, सकाळी सहाला कॅन येतात, लिटर आणि फॅट फाइलमध्ये लिहायचं आणि स्लिप छापायची, एवढंच काम. पण पावसाळ्यात तिकडं करंट कधी जाईल नेम नसतोय, त्यामुळं एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर ने असं सांगणारा कॉल) फेल झालं, म्हणजे डिस्कनं अचानक एरर दिली, तर कोडनं काय करायचं यातच सगळ्यात जास्त डोकं गेलं. लिनक्समध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमला पण हाच प्रश्न आहे बघा, मेटाडेटात (फाइलींच्या हिशोबात) गडबड सापडली तर पुढं चालू ठेव, रीड-ओन्ली कर, नाहीतर पॅनिक (सरळ बंद) कर, असे तीनच ऑप्शन माउंट करताना देता येतात.

परत ट्राय करणं सगळ्यांना सोपं वाटतंय, आणि काही ठिकाणी ते बरोबरच आहे. सिग्नलमुळं (प्रोग्रॅमला मध्येच आलेल्या सूचनेमुळं) राइट अडलं, किंवा ४०९६ बाइट दिले आणि १००० च गेले, तर उरलेले परत लिहा की, काही बिघडत नाही. (फाइल बंद करणाऱ्या क्लोजला मात्र हे लावू नका, लिनक्सवर ईइंटर, म्हणजे सिग्नलमुळं अडल्याची एरर, आला तरी डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा नंबर, सुटलेला असतोय, दुसऱ्यांदा क्लोज केलं तर भलतीच फाइल बंद व्हायची.) खरा घात एफसिंकमध्ये आहे. राइट यशस्वी म्हणजे डेटा फक्त मेमरीतल्या पेज कॅशेत गेला, डिस्कवर नेताना एरर आली की एफसिंक एकदा ईआयओ (वाच-लिहिण्याची एरर) देतंय, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) ती पानं क्लीन, म्हणजे लिहून झालेली, म्हणून मार्क करून मोकळा होतोय, मग दुसऱ्यांदा एफसिंक मारलं की शून्य, म्हणजे यश, येतंय, आपल्याला वाटतंय झालं, आणि डिस्कवर काहीच नाही.

पोस्टग्रेस (डेटाबेस) वर्षानुवर्षं असंच परत ट्राय करत होतं, २०१८ मध्ये हे उघडकीस आलं आणि फेब्रुवारी २०१९ च्या रिलीजपासून पहिल्याच फेलला ते सरळ पॅनिक करतंय, उठल्यावर लॉग (बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंद) रीप्ले करून डेटा परत उभा करतंय. सर्व्हर असेल, लॉग असेल, बघायला माणूस असेल तर माझ्या मते हाच रस्ता बरोबर. पण लॉग नसताना नुसता प्रोग्रॅम पाडून उठवला तर फसाल, कारण ते पान अजून कॅशेत असू शकतंय, वाचलं की नोंद बरोबर दिसते आणि मशीन रीबूट झालं की गायब.

डेअरीत सहा वाजता कोण येणार हो उठवायला? म्हणून तिथं मी रीड-ओन्ली घेतलं. एफसिंक एकदा जरी फेल झालं तरी नवीन नोंद बंद, जुनं खातं बघता येतंय, आणि स्लिपवर मोठ्या अक्षरात येतंय 'नोंद झाली नाही, वहीत लिहा'. लाइन थांबत नाही आणि कुणाचं दूध बुडत नाही.

डिस्क फुल होणं वेगळं, त्यात डिस्क बिघडलेली नसते, महिन्याची जागा आधीच फॅलोकेटनं (डिस्कवर जागा राखून ठेवणारा कॉल) धरून ठेवली की झालं.

काहीही निवडा, पण डीएम-फ्लेकी (लिनक्समधलं टेस्टचं साधन) लावून टेस्ट कराच, ते काही सेकंद डिस्क नीट चालवतंय आणि काही सेकंद मुद्दाम एरर देतंय. माझी स्लिप एफसिंकच्या आधीच छापली जात होती, ते मला तिथंच दिसलं.