दुसऱ्याच्या वागण्याचा चांगला अर्थ लावायला शिकवणारी ज्यू चित्रपुस्तके : वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ठाण्याच्या घरी नातवंडांना झोपण्यापूर्वी ज्यू मुलांसाठीची काही इंग्रजी चित्रपुस्तके मी मराठीतून सांगते आहे. कुणाचे वागणे खटकले तरी त्यामागे काही रास्त कारण असेल असे आधी धरून चालावे, हा या सर्वांचा विषय. ‘पिर्के आवोत’ या प्राचीन ज्यू नीतिवचनांच्या संग्रहाच्या पहिल्याच अध्यायात येहोशुआ बेन पेराह्या हे धर्मगुरू सांगतात की गुरू कर, मित्र जोड आणि प्रत्येकाला त्याच्या भल्या बाजूने तोल. आम्हा बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांतल्या चार-सहा वर्षांच्या मुलांना हे वचन नुसते ऐकवून उमगत नाही, म्हणून ही पुस्तके मागवली.

कागद जाड आहे, पानांना प्लास्टिकचा थर असल्यामुळे सांडलेले दूध पुसता येते. चित्रे साधी, पण चेहऱ्यांवरचे भाव स्पष्ट आहेत.

बहुतेक गोष्टींचा साचा मात्र एकच आहे. मैत्रीण हाक ऐकूनही निघून जाते, मुलीला राग येतो आणि शेवटच्या पानावर खरे कारण कळते. मुलांना हा साचा लवकरच पाठ झाला, तेव्हापासून मी उत्तराच्या पानाआधीच पुस्तक मिटते आणि त्यांनाच कारणे शोधायला सांगते. खरे शिक्षण मला तिथेच होताना दिसते.

या दृष्टीने तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या ‘शब्बात’ भागातली मजुराची गोष्ट सर्वांत सरस आहे. गालीलचा एक मजूर दक्षिणेत तीन वर्षे राबून योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवसाच्या आदल्या दिवशी मजुरी मागतो. मालक म्हणतो, पैसे नाहीत. धान्य? नाही. जमीन, गुरे, निदान गाद्या-उशा? त्याही नाहीत. मजूर न भांडता रिकाम्या हाताने घरी जातो. सण उलटल्यावर मालक मजुरी आणि खाण्यापिण्याने लादलेली तीन गाढवे घेऊन त्याच्या दारी येतो आणि त्या वेळी तुला काय वाटले, असे एकेक करून विचारतो. पैसे स्वस्त मालात अडकले असतील, गुरे भाड्याने दिली असतील, धान्यातला धर्माचा दशांश काढायचा राहिल्याने ते देता येत नसेल, अशी मजुराची उत्तरे आहेत. एका पुस्तकाने ही सगळी प्रश्नोत्तरे राखली आहेत. दुसऱ्याने ती गाळून थेट गाढवे दाखवली, त्यामुळे मजुराने मनाशी काय काय ताडून पाहिले हेच मुलांपर्यंत पोहोचत नाही. पूर्ण गोष्ट ऐकल्यावर नातीने विचारले, “आजी, मग सणाला त्याच्या घरी काय शिजलं?” या प्रश्नाला कोणत्याच पुस्तकात जागा नाही. कारण कळेपर्यंतचे ते दिवस मजुराने कसे काढले, यावर एखादे तरी पान हवे होते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ‘पिर्के आवोत’ ज्यात येते त्या मिश्ना या ग्रंथावरील भाष्यात मैमोनिदीस या मध्ययुगीन ज्यू पंडिताने ‘भल्या बाजूने तोल’ या वचनाला मर्यादा घातली आहे : अनोळखी माणसाला चांगल्या बाजूने तोलावे, सज्जन म्हणून ख्यात असलेल्याच्या बाबतीत कारण दुरापास्त वाटले तरी ते मानावे, पण दुष्टपणाबद्दल माहीत असलेल्यापासून सावध राहावे. या पुस्तकांत प्रत्येक संशयित निर्दोषच निघतो. म्हणून मी मुलांना वेगळे बजावले आहे की कुणी अंगाला इजा केली किंवा आईपासून काही लपवायला सांगितले, तर त्याच्यासाठी कारणे शोधत बसू नका, ताबडतोब घरी सांगा. ही पुस्तके घेणाऱ्या प्रत्येक पालकाने एवढे स्वतःहून सांगावे. चार वर्षांच्या मुलांसाठी शाळा-शेजाराच्या छोट्या गोष्टी निवडाव्यात. मजुराची गोष्ट सहाच्या पुढे.