काळ्या दगडाची वाट: दौलताबाद, वेरूळ आणि लोणार

संभाजीनगरहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींत दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, पाणचक्की, मकबरा असं सगळं कोंबलेलं असतं. त्यात दगड बघायचा राहून जातो, आणि या वाटेवर खरं बघण्यासारखं तेच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याचा हा बेसाल्ट. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत खालचा थर उघड्यावर झिजला, त्याची ती माती. तो पट्टा ओळखता आला की डोंगर वाचता येतो.

दौलताबाद सकाळी उघडल्या उघडल्या गाठावं. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास, सावली थोडी, आणि काळा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो. डोंगराच्या कडा तासून उभी भिंत केलीय, खंदकही कातळातच खोदलाय. पुलावर थांबून ते नीट बघाच. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, विजेरी हवी. मोबाइलच्या उजेडाने भागतं, पण एक हात अडकतो, आणि आतल्या पायऱ्या उंचसखल आहेत. गुडघे दुखत असतील तर खंदकापर्यंत जाऊन परत फिरा, तेवढ्यानेही फेरी सार्थकी लागते.

वेरूळ मंगळवारी बंद. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारनंतर उजेड आत शिरतो. दौलताबादनंतर इथे यायचं ते यासाठीच. चौतीसच्या चौतीस बघायचा हट्ट नको, १०, १६ (कैलास) आणि ३२ (इंद्रसभा) सावकाश बघा. कैलास लेणं आधी बाजूच्या वाटेने टेकडीवर चढून वरून पाहावं. डोंगर माथ्याकडून खाली कसा कोरत आणला, ते तिथूनच कळतं. मग खाली उतरून मागच्या उभ्या कातळावरचे छिन्नीचे घाव बघावेत. वर सगळीकडे कठडा नाही आणि पावसाळ्यात शेवाळ असतं, मुलांचा हात सोडू नका. जैन लेणी उत्तर टोकाला, लांब आहेत. उन्हात चालत निघालेले अर्ध्यातून वळतात आणि इंद्रसभा हुकते, म्हणून तिथवर वाहनानेच जा.

अजिंठा याच फेरीत घुसडू नका. ते सोमवारी बंद असतं, शिवाय स्वतःची गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बसने जावं लागतं. त्याला वेगळा दिवस द्या.

लोणार बुलढाण्यात, पण जालन्याकडून सोयीचं. याच बेसाल्टवर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. बहुतेक जण काठावरून फोटो काढून परततात. ते पुरेसं नाही. बंद बूट घालून सकाळीच खाली उतरा, माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि चढायला दम राखून ठेवा. तळ्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, काठचा चिखल पाय धरतो.

लेण्यांबाहेर स्फटिक विकायला असतात. गारगोटीच्या भेगांत भडक रंग साचलेला दिसला, तर तो चढवलेला समजा.