आरएसयू: ऑफर लेटरमधला मोठा आकडा, हातात किती?

पुणे-बेंगळुरूत भरती करणाऱ्या अमेरिकी टेक कंपन्यांच्या ऑफर लेटरमध्ये डोळ्यांत भरतो तो आरएसयूचा (रिस्ट्रिक्टेड स्टॉक युनिट), म्हणजे नोकरीत राहिल्यास टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या कंपनीच्या शेअरचा आकडा. माणूस आणायला आणि धरून ठेवायला काढलेली ही सोय. धरून ठेवायचं काम ती जास्त चोख करते.

नेहमीची पद्धत चार वर्षांची: वर्ष भरलं की २५ टक्के शेअर, मग दर तिमाहीला थोडे थोडे. वर्ष भरायच्या आत नोकरी सोडली तर भोपळा. ॲमेझॉनने वर्षानुवर्षं वापरलेली वाटणी ५-१५-४०-४०. समजा, ४०,००० डॉलरची ग्रँट, म्हणजे कबूल केलेल्या शेअरचं एकूण मोल, आणि भाव १०० डॉलर. म्हणजे ४०० शेअर. पहिल्या वर्षी २० मिळतात, दुसऱ्या वर्षी ६०, पुढे दोन्ही वर्षी १६०. सुरुवातीची दोन वर्षं रोख बोनसवर निघतात. शेअरची संख्या ठरलेली, किंमत नाही: भाव ६० वर आला तर तिसऱ्या वर्षी १६,००० ऐवजी ९,६०० डॉलर.

ते सगळेही हातात येत नाहीत. शेअर खात्यात पडतात त्या दिवसाच्या भावाने ती रक्कम पगारात धरली जाते. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह ३१.२ टक्के कर. १०० पैकी ३१-३२ शेअर त्यासाठीच विकले जातात. पुढे विकताना खरेदी किंमत म्हणून याच दिवसाचा भाव लावायचा. शून्य लावला की एकाच रकमेवर दोनदा कर! २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकल्यास स्लॅबप्रमाणे.

रिटर्नमधलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, बहुतेकांना नडतं, कारण तिथे आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्ष लागतं. परदेशी मालमत्ता लपवल्यास १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

कंपन्या स्वतः चुकतात ती रिफ्रेशरमध्ये. दरवर्षी नवी ग्रँट जोडली नाही, तर पाचव्या वर्षी उत्पन्न एकदम घसरतं, आणि नेमकी तेव्हाच अनुभवी माणसं बाहेर पडतात. ऑफर घेताना जॉइनिंगच्या आकड्यापेक्षा याचीच चौकशी आधी करावी.

शेअर साठवत बसण्याच्या मात्र आम्ही विरोधात आहोत. पगारही त्याच कंपनीचा, पुंजीही तिचीच! शिवाय अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या तिथल्या मालमत्तेला वारसा करात ६०,००० डॉलरपर्यंतच सूट आहे, वरच्या रकमेवर दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. खात्यात पडले की विकावेत.