सांगलीच्या घरासाठी राउटर: खोक्यावरचा आकडा आणि भिंतीपलीकडचा आकडा

एसी१२००, एएक्स१८००, एएक्स३०००. दुकानात राउटरच्या खोक्यावर ठळक छापलेले हे आकडे वेगाचे नसून बेरजेचे असतात. पुढची अक्षरं पिढीची: एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६. एएक्स१८०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ बँडचे (रेडिओ लहरींच्या पट्ट्याचे) ५७४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि ५ गिगाहर्ट्झचे १२०१, दोन्ही मिळवून वर गोळाबेरीज केलेली. मोबाइल सहसा एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो, म्हणजे ही बेरीज त्याच्या वाट्याला येतच नाही. शिवाय १२०१ हा रेडिओने आपसात ठरवलेला लिंक-वेग. फाइल प्रत्यक्ष उतरताना त्याच खोलीतसुद्धा त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच हाती लागतं. बाकीचं पोचपावत्या, वाट बघणं आणि शेजाऱ्यांच्या वायफायशी जागा वाटून घेणं यात जातं.

इथे चार राउटर समोर ठेवले आहेत: टीपी-लिंकचे आर्चर सी६, आर्चर एएक्स२३, आर्चर एएक्स५५ आणि आसूसचा आरटी-एएक्स५३यू. चौघांचेही पोर्ट (केबल लावायची भोकं) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत, ही पहिली अट. सी६ वर यूएसबी नाही, एएक्स२३ वरही नाही. एएक्स५३यू वर यूएसबी २.० आणि एएक्स५५ वर यूएसबी ३.० आहे.

पोर्टची अट का, ते आधी सांगतो, कारण फसगत इथेच जास्त होते. आर्चर सी५० सुद्धा एसी१२०० आणि सी६ सुद्धा एसी१२००. खोकी शेजारीशेजारी ठेवली तर सी५० स्वस्त दिसतो. पण त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. हवेत ८६७ चा लिंक आणि मागच्या भोकातून फार तर ९४ एमबीपीएस आत येणार. १०० चा प्लॅन असेल तर हे खपून जातं. १५० किंवा ३०० चा घेतला की वरचे पैसे दर महिन्याला वाया.

गिगाबिट राउटर आणूनही वेग ९४ वरच अडला तर राउटर बदलायला पळू नका, केबल बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात. फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंतच्या केबलला घाईत जॅक बसवताना चारच तारा लावलेल्या असतात, किंवा एखादी तार जॅकमध्ये नीट बसलेली नसते. मग दोन्ही बाजू गुपचूप १०० वर तडजोड करतात आणि नेट चालू असल्यामुळे कोणाला काही कळत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन पोर्टचा (बाहेरचं नेट ज्यातून आत येतं त्याचा) वेग १००० दिसतो का १००, एवढंच तपासा. नवी केबल घेताना कॅट६, पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण वळवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते.

आता चौघांची तुलना. त्याच खोलीत, गिगाबिट केबलवरच्या संगणकावरून वायफायवर फाइल ओढली तर सी६ च्या ८६७ च्या लिंकवर साधारण ५०० ते ६००, एएक्स२३ आणि एएक्स५३यू च्या १२०१ वर ७०० च्या आसपास अपेक्षा धरावी. एएक्स५५ चा २४०२ चा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनलवर अवलंबून आहे आणि तेवढ्या रुंद चॅनलवर बोलणारं साधन घरात असावं लागतं. लॅपटॉपमध्ये इंटेलचं एएक्स२००, २०१ किंवा २१० कार्ड असेल तर ते जमतं. बहुतेक आयफोन ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी एएक्स५५ आणि एएक्स२३ जवळपास सारखेच. १६० चं चॅनल मिळालं तरी पोर्ट गिगाबिटच असल्यामुळे केबलकडून ९४० च्या वर काही येत नाही. शिवाय १६० साठी सहसा वापरल्या जाणाऱ्या ३६ ते ६४ या चॅनलांचा अर्धा भाग रडारसोबत वाटलेला आहे. राउटर सुरू झाल्यावर मिनिटभर ऐकत बसतो, रडारचा भास झाला तर चॅनल सोडतो. ५ गिगाहर्ट्झचं नाव सुरुवातीला दिसत नाही म्हणून रिसेट मारू नका, मिनिटभर थांबा.

मग एएक्स घ्यायचाच कशाला? फायदा गर्दीत आहे. दहा-बारा साधनं एकदम जोडलेली असताना वायफाय ६ एकाच चॅनलचे तुकडे करून अनेकांना एकाच वेळी देऊ शकतो. मात्र समोरची साधनंही वायफाय ६ ची हवीत. दोन मोबाइल, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप असलेल्या घराला सी६ पुरतो. चार माणसं, सहा मोबाइल, दोन टीव्ही आणि एकाचं घरून काम असेल तर एएक्स२३.

रेंजचा विषय मात्र राउटरच्या मॉडेलपेक्षा घराच्या भिंतींवर ठरतो आणि सांगलीत घरं तीन तऱ्हेची. गावभागातला जुना वाडा: दगड, वीट आणि मातीच्या दीड-दोन फुटी भिंती. विश्रामबागेकडचा दुमजली बंगला: विटांच्या भिंती आणि मधे सळयांच्या जाळीचा स्लॅब. आणि फ्लॅट, जिथे भिंती पातळ पण शेजाऱ्यांचे वीस राउटर यादीत दिसतात.

मोबाइलवर वायफाय ॲनालायझरसारखं ॲप टाकून डीबीएमचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा बघत घरभर फिरा. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७५ नंतर आवाज तुटायला लागतो, उणे ८० ला जोडणी नावापुरती. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, १० ला दहावा हिस्सा उरतो. ५ गिगाहर्ट्झला साधी विटेची भिंत ढोबळमानाने ६ ते १० डेसिबल खाते, सळयांचा स्लॅब त्याच्या दुपटीने. म्हणून एका भिंतीआड चारही राउटर चांगले वाटतात आणि स्लॅबच्या वर चारही रडतात. सहा अँटेनांचा कोळ्यासारखा राउटर आणून बसवला तरी फार फरक पडत नाही, कारण राउटर कितीही ओरडला तरी मोबाइलचं इवलंसं उत्तर परत पोचलं पाहिजे.

वाड्यात एक गोष्ट आपल्या बाजूने असते. भिंत अडवते, पण लाकडी दार सोडतं. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर यांची दारं एका ओळीत असतील तर राउटर त्या ओळीच्या तोंडाशी ठेवा, कोनाड्यात नको. कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी भिंत. बंगल्यात जिन्याच्या मोकळ्या जागेजवळ, साडेपाच-सहा फूट उंचीवर ठेवा, स्लॅबमधून जायचा मार्ग तोच. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांच्या आड ठेवू नका. अँटेना उभ्या असल्या की लहर आडवी, त्याच मजल्यावर पसरते. वरच्या मजल्यासाठी त्यातली एखादी आडवी करून बघा, थोडा फरक पडतो. चमत्कार होत नाही.

फ्लॅटमध्ये अडचण भिंतीची नाही, गोंगाटाची. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनल निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवून खोक्यावरचा ३०० चा आकडा मिळतो, पण शेजाऱ्यांशी टक्कर होऊन प्रत्यक्ष वेग घसरतो. याच २० वर सी६ चा लिंक १४४ ला थांबतो, एएक्सवाल्यांचा वायफाय ६ च्या मोबाइलशी २८६ पर्यंत जातो. लांबच्या खोलीत एएक्सचा खरा उपयोग झालाच तर इथे. दोन्ही बँडना एकच नाव देण्याची सोय चांगली आहे, पण स्मार्ट प्लग आणि बरेचसे वायफाय कॅमेरे फक्त २.४ वर चालतात आणि एकत्र नावाखाली जोडताना अडतात. त्यांच्यासाठी २.४ चं वेगळं नाव ठेवा. वायफायच्या पासवर्डची सुरक्षा निव्वळ डब्ल्यूपीए३ (नवी पद्धत) ठेवली तर जुनी साधनं जोडलीच जात नाहीत. डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र पर्याय ठेवा.

दुमजली घराला एएक्स५५ च्या किमतीत दुसरी वाट आहे आणि आमच्या मते तीच शहाणी: खाली एएक्स२३ किंवा सी६, वर दुसरा राउटर, मधे केबल. एएक्स५५ हा सी६ च्या दुपटीहून महाग पडतो. त्या फरकात वरचा राउटर आणि केबल भागते. बिनतारी रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) मात्र टाळा. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच परत बोलतो, म्हणून वेग निम्मा किंवा त्याहून कमी होतो. वरचा राउटर म्हणून कपाटात पडलेला जुनाही चालेल. त्याच्यात ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वायफाय देण्याचा पर्याय) असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर आधी त्याचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), मग डीएचसीपी (साधनांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच द्या, चॅनल वेगळं द्या आणि खालून आलेली केबल लॅन पोर्टात (घरातल्या साधनांसाठीच्या) लावा. वॅनमध्ये लावली की दोन जाळी तयार होतात आणि वरच्या मोबाइलला खालचा प्रिंटर सापडत नाही. केबल १०० मीटरपर्यंत चालते. विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ नका. गच्चीवरून नेणार असाल तर बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची घ्या, नाहीतर उन्हाने आवरण तडकतं.

स्टोरेज. राउटरला हार्ड डिस्क लावून घरभर फोटो-व्हिडिओ वाटायचे, ही कल्पना गोड आहे आणि निम्मी खरी आहे. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस, हातात उत्तम परिस्थितीत सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास, राउटरच्या प्रोसेसरवर त्याहूनही कमी. २० धरले तर १० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ आठ मिनिटांहून जास्त वेळ घेतो. यूएसबी ३.० वर अडसर डिस्कचा राहत नाही. केबलवर गिगाबिटची सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपासची मर्यादा, वायफायवर ६०० एमबीपीएसला ७५ ची (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट), आणि त्याच्या आत प्रोसेसर किती झेपवतो ते. सेकंदाला ६० मेगाबाइट मिळाले तरी तोच व्हिडिओ तीन मिनिटांत. म्हणून स्टोरेज हवंच असेल तर चौघांत एएक्स५५ एकटाच. एएक्स५३यू चं यूएसबी गाणी आणि कागदपत्रांपुरतं.

यूएसबी ३.० चीही एक खोड आहे. त्याचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. डिस्क लावल्यावर लांबच्या खोलीतलं २.४ ढासळलं तर केबल चांगल्या आवरणाची घ्या आणि डिस्क अँटेनांपासून दूर सरकवा.

डिस्क टकटक करून सारखी सुटत असेल तर वीज कमी पडते आहे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. फिरती डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागू शकते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे लावा. साडेतीन इंची डिस्क तर स्वतःच्या अडॅप्टरशिवाय चालतच नाही. डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, विंडोजवाल्या घरात एनटीएफएस करा. विंडोज १० किंवा ११ ला डिस्क दिसतच नसेल तर बहुतेक राउटर एसएमबी१ या फाइल वाटण्याच्या जुन्या पद्धतीने बोलतो आहे आणि विंडोजमध्ये ते आता आपोआप येत नाही. राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) नवं करा. विंडोजमध्ये एसएमबी१ चालू करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याच दाराने २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस घुसला होता. बाहेरून इंटरनेटवरून एफटीपी (फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) उघडायची सोयही बंदच ठेवा आणि डिस्कला पासवर्ड लावा.

लाइट गेली आणि डिस्क तेव्हा लिहीत असेल तर एनटीएफएस बिघडतं. मग ती संगणकाला लावून तपासणी करावी लागते. म्हणून डिस्क लावायची तर मिनी यूपीएस लावाच. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १० ते १२ वॅट घेतात. ८८०० एमएएचचा यूपीएस हा आकडा ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे ३२ वॅट-तासांच्या आसपास. वाटेतली गळती धरून दोन तास, सव्वादोन तास. डिस्क जोडली की त्याहून कमी. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट वाचा. काही छोटे राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ देऊ नका.

राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि सांगलीत एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर तेवढं दुपारी सहज होतं. दुपारीच वेग पडून संध्याकाळी आपोआप सुधारत असेल तर राउटर खाली आणा. वळवाच्या पावसात इमारतीवरून इमारतीवर ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून वीज येऊन वॅन पोर्ट उडतात. ढग गडगडायला लागले की प्लगसोबत ती केबलही काढा. फायबरची काच वीज वाहत नाही, पण तिच्या आधाराची लोखंडी तार वाहते. ती घरात न घेता बाहेरच्या हुकालाच बांधून तोडलेली असावी. आणि पुराचं पाणी येणाऱ्या भागात फायबरचा डबा, राउटर आणि यूपीएस तिन्ही पहिल्या मजल्यावरच बसवून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तळमजल्यावर भोक पाडायला आलेल्या माणसाला वर पाठवायला संकोच नको.

दुकानात खोकं उघडून मॉडेलच्या नावापुढची हार्डवेअर आवृत्ती वाचा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत चिप आणि पोर्ट वेगळे असू शकतात. आर्चर सी२० च्या पहिल्या आवृत्तीला यूएसबी होतं, नंतर ते गेलं. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला तोच विचारतात.